एक नंबरचं टेबल

नवीला मी सगळ्यांसमोर ‘रोगाची पेटी’ म्हटलं, तो मंगळवार होता. तोवर आमच्या खोलीत आठ जणींचे डोळे आले होते. त्या दिवशी सकाळी आत्या उठली तर तिचा डावा डोळा चिकटलेला. कोमट पाण्यानं तिनं तो सोडवला, आरशात बघितलं आणि म्हणाली, "चला, आमचाही नंबर लागला." माझं डोकं तिथंच फिरलं.

आमची खोली म्हणजे चेकिंग. कारखान्यात ऐकू न येणाऱ्यांच्या कानाच्या मशीनचे सुटे भाग बनतात. खाली लेथ, वर आम्ही. मोहरीएवढी पितळी पिन येते. ती चिमट्यानं काचेखाली धरायची. ओरखडा दिसला, टोक वाकडं दिसलं की लाल डबीत, नाहीतर हिरव्या. सहा टेबलं, प्रत्येकावर एक मायक्रोस्कोप. आम्ही त्याला नुसतं नळी म्हणतो. दोन नळ्या, त्यांच्या तोंडाला रबरी वाट्या, त्या वाट्यांत डोळे टेकवून आठ तास बसायचं. सकाळच्या पाळीला सहा जणी, दुपारनंतरच्या पाळीला दुसऱ्या सहा. टेबल ठरलेलं, बदलायचं नाही. मी एक नंबरवर, खिडकीशी. नवी, सगळ्यांत शेवटी लागलेली म्हणून नवी, दोनवर. आत्या तीनवर, एकवीस वर्षं.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची बहीण. पण खोलीतल्या सगळ्याच तिला आत्या म्हणतात, साहेबसुद्धा. दहावीत मी गणिताच्या सरांच्या अंगावर कंपासपेटी फेकली, तेव्हापासून मी तिच्याकडे राहते. इथे तिनंच लावलं. साहेबांना म्हणाली, "हिची जीभ सोडा, डोळे बघा." साहेबांनी पाचशे पिनांत वीस खराब मिसळून मला दिल्या. मी एकवीस काढल्या. एकविसावी साहेबांना काही केल्या दिसेना. आत्यानं नळीखाली फिरवून दाखवली तेव्हा दिसली.

तर डोळे. साधे डोळे आले असते तर आठवड्यात गेले असते. हे वेगळं होतं. लाली जायची आणि मागे धुकं राहायचं, काचेवर कोणी फुंकर मारावी तसं. दिव्याभोवती गोल कडं दिसायचं. चेकिंगमध्ये धूसर डोळ्याची बाई काय कामाची? तिला खाली पॅकिंगला पाठवायचे. तिघी आधीच खाली गेल्या होत्या, खोक्यांना चिकटपट्टी लावत बसल्या होत्या. आणि सोमवारी साहेब वर येऊन सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले होते, "जिच्यामुळे हे पसरलं ती बाई या खोलीत राहणार नाही. माल अडला तर ग्राहकाला काय सांगू, आमच्याकडे डोळे संपले?"

सगळ्यांनी नवीकडे बघितलं होतं. सगळ्यात आधी डोळे तिचेच आले होते. येऊन दुसराच आठवडा होता तिचा, आणि तिच्या धाकट्या भावाचे आले होते हे तिनंच भोळेपणानं चार नंबरवरच्या रेडिओला सांगितलं होतं. रेडिओला सांगितलं म्हणजे गावभर झालं. उगाच नाही तिला रेडिओ म्हणत.

मंगळवारी मी आत शिरले तर नवी तिच्या टेबलाशी डबा ठेवत होती. मी सरळ म्हटलं, "घरी ठेवायचं ते इथे कशाला घेऊन आलीस? रोगाची पेटी."

"मी डॉक्टरचं पत्र आणलं होतं. चार दिवस रजा घेतली होती," ती म्हणाली.

"चार दिवसांत काय झालं? आत्याचा डोळा बघ."

"ए, पुरे," आत्या म्हणाली. "नाकावरचा राग उतरव आणि कामाला बस."

नवीनं डबा टेबलाखाली सरकवला. रेडिओ हळूच म्हणाली, "बोलली ते खोटं नाही हं." ती माझ्या बाजूनं बोलली याचा मला तेव्हा आनंदच झाला.

बुधवारी आरोग्य खात्यातून डॉक्टर आल्या. मला वाटलं होतं कोट घातलेलं कोणीतरी येईल. या खांद्याला कापडी पिशवी लावून आल्या, एक स्टूल मागून घेतलं आणि खोलीच्या मधोमध बसल्या. एकेकीच्या डोळ्यातून कापसाची काडी फिरवून नळकांड्यात टाकली. वाट्यांवरून फिरवली. नळाच्या तोटीवरून, दाराच्या कडीवरून पण. मग प्रश्न. कोण कधी येतं, कोणाशेजारी जेवतं, रुमाल कोणाचा, काजळ कोणाचं.

"काजळ लावायला वेळ कुठे असतो मॅडम," रेडिओ म्हणाली, "आम्ही उठतो तेच डोळे टेकवायला."

"टॉवेल?"

"आपापला. दुसऱ्याचा टॉवेल मी जन्मात घेत नाही. माझ्या नवऱ्याचा पण नाही."

भिंतीवर नियम लावलेला आहे: बसण्यापूर्वी आपली नळी आपल्या कागदाने पुसावी. प्रत्येकीला पातळ कागदाची गड्डी मिळते. डॉक्टरांनी प्रत्येकीला पुसून दाखवायला लावलं. सगळ्यांनी व्यवस्थित दाखवलं. सातला बसताना एकदा, पाळी बदलताना एकदा. त्यांनी लिहून घेतलं.

गुरुवारी त्यांनी मला ऑफिसात बोलावलं. भिंतीवर मोठा कागद होता, त्यावर सहा चौकोन. प्रत्येक चौकोनात दोन नावं, सकाळची आणि दुपारची. जिचे डोळे आले तिच्यापुढे लाल टिकली आणि तारीख. कागद बघितल्यावर मला वाटलं गोवर आलाय.

"तुझे नाही आले," त्या म्हणाल्या.

"नाही. माझ्या वाटेला कोणी जात नाही."

त्या हसल्या. "ते ऐकलंय. पण तुझ्या टेबलावर दुपारी बसते तिचेही नाही आले. ती कशी आहे, तुझ्यासारखीच?"

"ती गरीब गाय आहे."

"तेच तर." त्यांनी पेन्सिलीनं दोन नंबरवर टिचकी मारली. "बघ. नवी पहिली. मग दोनवरचीच, दुपारची. इथवर कळतं. वाटी एकच. कोरडा कागद जंतू पुसतो, मारत नाही. मग चारवर दोघींना. मग पाचवर सकाळच्या बाईला. दुपारची वाचली, पण ती चष्मा लावते, वाटी दुमडून ठेवते, डोळा टेकवतच नाही. मग सहावर दोघींना. आणि शेवटी तीनवर, सोमवारी दुपारच्या बाईला, मंगळवारी तुझ्या आत्याला. आता मला सांग, दोनवरून चारवर कसं गेलं? मध्ये तीन आहे. तिला सोडून पुढे गेलं, सहापर्यंत जाऊन मागे वळलं. टेबलं तुम्ही बदलत नाही. आणि एक नंबर, दोनला अगदी चिकटून, तिथे काहीच नाही. रोग काय लंगडी खेळतो?"

मी कागदाकडे बघत होते. दोन, चार, पाच, सहा, तीन. पुढे एक लावला की पुरं होत होतं. एक, दोन, चार, पाच, सहा, तीन.

हा क्रम मी रोज ऐकत होते.

पाळी सातची, पण आत्या पावणेसातला आत असते. मीही तिच्याबरोबर. मी टेबलावर डोकं टेकून डुलकी काढते, ती खुडबुड करते. म्हणजे काय करते, तर डबीतून तिचं फडकं काढते, चष्म्याच्या दुकानात मिळतं तसलं निळं मऊ, आणि सहाही नळ्या पुसते. काचेवर तोंडानं वाफ सोडायची, पुसायचं, मग रबरी वाटीच्या आतून बोटानं गोल फिरवायचं. सुरुवात माझ्या नळीपासून. "ऊठ गं, डोकं काढ," म्हणते, म्हणून मला माहीत. मग दोन. मग स्वतःचं टेबल सोडून चार, पाच, सहा. शेवटी आपलं. मी एकदा विचारलं होतं मधलं का सोडतेस. म्हणाली, आधी लोकांचं, मग आपलं. फडकं रोज घरी नेऊन साबणानं धुते, दोरीवर वाळवते. म्हणजे सकाळी माझ्या नळीला लागायचं तेव्हा ते स्वच्छ असायचं. दोन नंबरपर्यंत स्वच्छ असायचं.

"काय झालं?" डॉक्टरांनी विचारलं.

"काही नाही."

"कोणी काही वेगळं करतं का? कामाच्या वेळेत नाही, आधी किंवा नंतर?"

"माहीत नाही," मी म्हटलं.

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. मग म्हणाल्या, "बरं. आठवलं तर सांग."

संध्याकाळी घरी आत्या मोरीत बसून फडकं धूत होती. मी दाराशी उभी राहून सगळं सांगितलं. एका दमात. मला सावकाश सांगता येत नाही.

"पसरवते म्हणजे?" आत्या म्हणाली. "मी पुसते गं. पुसते."

"दोन नंबरची घाण पुसतेस आणि चारला लावतेस."

तिनं ओल्या बोटांवर मोजलं. दोन. चार. पाच. सहाला ती थांबली. मग फडकं पुन्हा पाण्यात बुडवलं, पिळलं, पुन्हा बुडवलं.

"कोणाला बोललीस?"

"कोणाला नाही."

"मग बोलू नको. उद्यापासून नाही पुसणार. विषय संपला."

"आणि नवी?"

"नवी तरणी आहे. तिला छप्पन्न ठिकाणी लागेल. मला या वयात नळीवरून उठवलं तर मी काय करू, खाली खोकी चिकटवू? एकवीस वर्षं माझ्या टेबलावरून एक पिन परत आली नाही, माहितीये ना तुला? आणि आणलं तर तिनंच."

"आणलं तिनं. वाटलं तू."

हे मी बोलायला नको होतं. पण निघून गेलं. आत्यानं फडकं दोरीवर टाकलं, दोन चिमटे लावले, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "शाळेतून काढलं तेव्हा तुझ्या बापानं तुला दाराबाहेर उभं केलं होतं. तेव्हा न्यायला कोण आलं होतं?"

"तू."

"मग?"

"मग काही नाही," मी म्हटलं, आणि जेवायला बसले. दोघी जेवलो. भांडी मी घासली. एक पातेलं आपटलं.

शुक्रवारीही ती पावणेसातला आत होती. सवय. डबी पिशवीतून काढली, टेबलावर ठेवली, परत पिशवीत टाकली. मग हात मांडीवर घेऊन बसून राहिली. पंधरा मिनिटं खोलीत नुसता पंखा वाजत होता. मला झोप आली नाही.

दहा वाजता साहेब वर आले, मागून डॉक्टर. साहेबांच्या हातात कागद होता. त्यांनी नवीला बोलावलं.

"तू अजून कायम झालेली नाहीस, त्यामुळे नोटिशीची गरज नाही. इथे सही कर."

डॉक्टर म्हणाल्या, "साहेब, माझं काम अजून झालेलं नाही. मी कोणालाही काढा म्हटलेलं नाही."

"तुमचं काम तुम्ही करा, मॅडम. माझं मला करू द्या. पहिली केस हीच ना?"

"पहिली हीच. पण पसरलं कसं ते—"

"झालं तर मग."

मला वाटलं नवी रडेल. ती रडली नाही. तिनं कागद वाचला, दोन्ही बाजूंनी, मागची बाजू कोरी होती तरी. आणि विचारलं, "माझा डबा टेबलाखाली आहे. सही करायच्या आधी घेऊ की नंतर?"

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. मी आत्याकडे बघितलं. ती वाट्यांत डोळे टेकवून बसली होती, चिमटा हातात. खाली काचेवर पिनच नव्हती.

"डॉक्टर," मी उभी राहिले, "काल तुम्ही विचारलं ते मला आठवलं."

आणि सांगितलं. पावणेसात, फडकं, कुठून सुरुवात, कुठे शेवट. आवाज मोठा झाला माझा, नेहमी होतो. शेवटी म्हटलं, "रोज मला उठवून पहिली माझी नळी पुसते. म्हणून मला काही झालं नाही. बाकी काही नाही."

रेडिओनं आयुष्यात पहिल्यांदा वाक्य अर्धं सोडलं. "म्हणजे आपली आत्याच..."

आत्यानं डोळे वर केले. डावा अजून लाल होता, कडेनं पाणी येत होतं. "खरंय," ती म्हणाली. "पोरीला खोटं जमत नाही. जमलं असतं तर शाळेत टिकली असती." तिनं पिशवीतून डबी काढली आणि डॉक्टरांच्या हातात दिली. "धुतलेलं आहे. रोज धुते."

डॉक्टरांनी डबी उघडली नाही. "कागद असताना तुम्ही का पुसायचात, बाई?"

"कागदाचे तंतू राहतात काचेवर. तंतू राहिला की तो ओरखड्यासारखा दिसतो. चांगली पिन लाल डबीत जाते. दोन वर्षांपूर्वी चार पेट्या चांगला माल आम्ही भंगारात टाकला होता. साहेबांनी वरून बोलणी खाल्ली. तेव्हापासून पुसते." तिनं पदरानं डोळ्याचं पाणी टिपलं. "पुढच्या वर्षी साहेबांना शाबासकी मिळाली."

सगळ्या साहेबांकडे बघायला लागल्या. साहेब पंख्याकडे.

"तुम्हाला हे माहीत होतं?" डॉक्टरांनी त्यांना विचारलं.

"मला वाटलं, मुली नीट बघायला लागल्या."

रेडिओला हसू आलं आणि तिनं ते खोकल्यात लपवलं. डॉक्टरांनी नवीच्या हातातला कागद घेतला, घडी घातली आणि साहेबांना परत दिला. "यावर आत्ता सही नको. आधी माझा अहवाल होऊ दे."

अहवालात कोणाचं नाव आलं नाही. मी वाचला, साहेबांच्या टेबलावर उलटा पडला होता, मला उलटं वाचता येतं. लिहिलं होतं की तंतू न सोडणारे पुसायचे कागद कारखान्याने दिले नव्हते, वाट्या निर्जंतुक करायची सोय नव्हती, आणि सफाईचं काम पाळीच्या वेळेबाहेर चालू होतं. खोली दहा दिवस बंद. नंतर प्रत्येकीला स्वतःच्या वाट्यांची जोडी, बसताना लावायची, उठताना काढून डबीत ठेवायची. औषधी पाण्यात भिजवलेले, एकदा वापरून टाकायचे रुमाल. जिचे डोळे आलेत ती दोन आठवडे घरी, हजेरी धरून. नवी राहिली.

घरचे दोन आठवडे संपल्यावर आत्याला साहेबांनी खाली पॅकिंगला पाठवलं. "डोळे साफ होईपर्यंत," म्हणाले. पण सोमवारचं त्यांचं बोलणं सगळ्यांनी ऐकलेलं होतं. परत बसवायचं की नाही ते मात्र त्यांच्या हातात राहिलं नाही. डॉक्टरांनी लिहून दिलं होतं: ज्या बायका खाली गेल्यात त्यांचे डोळे तपासायचे, आणि तपासणीत पास होईल तिला तिच्या टेबलावर घ्यायचं. आत्याच्या डोळ्यांतलं धुकं जायला आठवडे लागतील की महिने, ते त्यांनाही सांगता येत नव्हतं.

खोली उघडली त्या दिवशी नवी माझ्या टेबलाशी आली. "ते पेटी म्हणाली होतीस," ती म्हणाली.

"हं."

"परत म्हणू नकोस."

"नाही म्हणणार."

एवढंच. मला माफी मागायला जमत नाही आणि तिनंही मागायला लावली नाही. दुपारी तिनं तिच्या डब्याचं झाकण माझ्याकडे सरकवलं. मी खाल्लं.

आत्या मात्र माझ्याशी बोलेना. म्हणजे बोलायची, "मीठ संपलंय", "दार लाव", एवढं. सुई ओवायला गेली, दोनदा चुकली, सुई डब्यात ठेवून दिली, माझ्याकडे दिली नाही. मी पण मागितली नाही. दोघी एकाच मातीच्या.

पॅकिंगची वेळ आठची. तरी आत्या माझ्याबरोबरच निघायची. सकाळी सातला वर यायची आणि चेकिंगच्या दाराच्या चौकटीत उभी राहायची. आत यायची तिला मनाई. बाहेर हो म्हणायचीही कोणाची छाती नव्हती. आम्ही आपापल्या डबीतून वाट्या काढायच्या, पाकीट फाडायचं, ओला रुमाल फिरवायचा, वाट्या बसवायच्या. आत्या बघत राहायची. मग खाली जायची.

काल, म्हणजे गुरुवारी, तशीच उभी होती. सगळ्यांचं पुसून झालं, मी चिमटा उचलला.

"दोनची उजवी राहिली," आत्या म्हणाली.

नवीनं मान वर केली. "पुसली की, आत्या."

"डावी दोनदा पुसलीस. उजवी राहिली."

नवीनं उजवी वाटी काढून बघितली. मीही वाकून बघितली. कोरडी होती. रुमाल लागलाच नव्हता.

"पुसते," नवी म्हणाली.

आत्या माझ्याकडे वळली. "आणि तू मान सरळ ठेवून बस. म्हातारपणी दुखेल." आणि जिन्यानं खाली गेली.

सोमवारी डॉक्टर डोळे तपासायला येणार आहेत. वीस फुटांवर तक्ता लावतात म्हणे, अक्षरं वाचायची. जेवणाच्या सुट्टीत खोली रिकामी असताना मी दारापासून दोन नंबरपर्यंतच्या फरशा मोजल्या. फूटभराच्या फरशा आहेत. बावीस भरल्या.